उठायला निघालेली

आई बहारीनला आली आणि पंधरवड्याच्या आत तिनं माझ्या घरातल्या सगळ्या फुटक्या वस्तू हद्दपार केल्या. कान तुटलेले कप गेले, टवका उडालेला काचेचा वाडगा गेला, बाथरूममधला तडकलेला आरसा गेला. मला एका शब्दानं विचारलं नाही. मी ऑफिसातून यायचे आणि कुठली तरी फळी रिकामी दिसायची. आरसा तरी ठेवायचास, असं म्हटल्यावर ती म्हणाली, "फुटक्या आरशात बघून बाहेर पडतेस, म्हणून दिवसभर चिडचिडतेस."

तिचाही दोष नव्हता. मिरजेला तिनं उभी हयात खाणावळ चालवली होती, दोन्ही वेळची शंभर पानं उठायची. आता माहूजच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीन माणसांचा स्वयंपाक सकाळी आठलाच होऊन जायचा. मग ती खिडकी ते ओटा अशा फेऱ्या मारायची. खाली उतरावं तर ऊन, बोलावं तर भाषा येत नाही, देऊळ मनामाच्या बाजारात, तिथं गाडीशिवाय जाता येत नाही. "माझं तिकीट कधीचं आहे गं?" हे ती रोज जेवताना विचारायची. मीही तिचीच मुलगी. मलाही एका जागी बसवत नाही. माझा नवरा राजन म्हणायचा, या घरात बसणारा मी एकटाच आहे, बाकी सगळे उभेच असतात.

त्यात त्यानं टोमणा मारला असला तरी ते खरं होतं. आम्ही दर उन्हाळ्यात ठरवायचो की हे शेवटचं वर्ष, आता पुण्याला परत. आणि दर वर्षी व्हिसा वाढवून घ्यायचो. पडदे घ्यायचे नाहीत, कारण जायचंय. सोफा बदलायचा नाही, कारण जायचंय. असा सगळा संसार.

आमच्या इमारतीच्या मागे एका बैठ्या घरात वाल्ट्राउट झाइफर्ट नावाच्या जर्मन बाई राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, केस मुलासारखे कापलेले, अंगात कायम मातीचे डाग पडलेला निळा झगा. परदेशी बायकांना त्या मातीची भांडी करायला शिकवायच्या. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती त्यांच्या विजेच्या बिलाची भानगड निस्तरायला, कारण मी अकाउंटंट आणि शेजारी. तिथं खिडकीपाशी लाकडी स्टँडवर ती उभी होती. उभी म्हणजे, तिला उभी म्हणता येत नव्हतं, हीच तर गंमत.

भाजलेल्या मातीची, हातभर उंचीची एक बाई. खुर्चीवरून उठायला निघालेली. बूड खुर्चीपासून सुटलंय, गुडघे अजून वाकलेले आहेत, मान एका बाजूला वळलीय, कुणी तरी हाक मारली असावी तशी. बसलेलीही नाही आणि उभीही नाही. दोन्ही हात कोपरापासून तुटलेले, चेहऱ्याची डावी बाजू उडालेली. मी बिल विसरून तिच्याकडे बघत राहिले. मला कुणी तरी रंगेहाथ पकडलं होतं. या बाईला माझ्याबद्दल कसं कळलं, असंच मला वाटलं.

वाल्ट्राउटबाईंची गोष्ट मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. बर्लिनमध्ये शिकल्या, तिशीच्या आतच नाव झालं. मग तिथलं सरकार बदललं. नव्या राज्यकर्त्यांना छाती काढलेले सैनिक आणि गुबगुबीत आया हव्या होत्या. बाईंच्या पुतळ्यातल्या बायका वाकून चप्पल शोधायच्या, मान खाजवायच्या, जांभई द्यायच्या. ते पुतळे प्रदर्शनांतून काढून टाकले गेले. जे ब्राँझचे पुतळे होते ते युद्धात तोफांसाठी वितळवले. जे प्लॅस्टरचे होते ते स्टुडिओवर बॉम्ब पडला तेव्हा भुगा झाले. ढिगाऱ्यातून बाईंनी ही एकच उकरून काढली आणि कुणाची तरी बाबागाडी घेऊन, तीत घालून शहराबाहेर नेली. पुढे पोटासाठी थडग्यांवर नावं कोरली, बाहुल्यांचे साचे केले, आणि उतारवयात दुसरं लग्न करून नवऱ्यामागून इथं आल्या. तो वीज-पाण्याच्या प्लँटवर इंजिनिअर होता. तो गेला, त्या राहिल्या. जर्मनीत त्यांचं नाव ऐकलेला माणूस शोधूनही सापडला नसता.

"हिचे हात का नाही लावलेत परत?" मी एकदा विचारलं.

"अर्धी मी केली, अर्धी युद्धानं केली," त्या म्हणाल्या. "आता हीच ती."

मला याचा भयंकर राग यायचा. बाईंचा नाही, जगाचा. एवढं काम करून माणूस माहूजच्या एका गल्लीत कप-बश्या शिकवत मरणार आणि कुणाला पत्ता नाही. बाईंना विचारलं तर खांदे उडवायच्या. शेवटी मीच ऑफिसच्या फॅक्सवरून जर्मनीतल्या म्युझियमना पत्रं पाठवायला लागले. कुणी उत्तर दिलं नाही. मग एका छोट्या गावच्या म्युझियममधून डॉक्टर लिंडनर नावाच्या माणसाचा फोन आला. तो म्हणाला, त्या काळात ज्यांची कामं नष्ट झाली अशा शिल्पकारांचं तो मोठं प्रदर्शन भरवतोय. बाईंच्या एका पुतळ्याचा जुना फोटो त्याच्याकडे आहे, पण नुसत्या फोटोवर काही होत नाही. एक जरी खरं काम हाती लागलं तर प्रदर्शनाची मधली खोली बाईंची. तो स्वतः बघायला येणार होता.

मी हे सांगितलं तेव्हाही बाईंनी खांदे उडवले. पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर न्हाव्याकडे जाऊन आल्या होत्या.

आईची आणि त्यांची ओळख अशी झाली की आईला काम हवं होतं. मी एकदा तिला सोबत नेलं आणि बाईंच्या फ्रीजमध्ये पाव आणि लोणी याशिवाय काही नाही हे तिनं पाहिलं. खलास. दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू. एक मराठीत बोलायची, दुसरी जर्मनमध्ये, आणि दोघींचं उत्तम जमायचं. आई मला येऊन सांगायची, "आज तिच्या बहिणीचं सांगत होती." मी म्हणायचे, तुला काय कळलं त्यातलं? ती म्हणायची, बहिणीचं बोलताना माणसाचं तोंड वेगळं होतं, कळतं की.

आणि एक गोष्ट आईनं पाहिली, जी मी पाहूनही मनावर घेतली नव्हती. बाई रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्या पुतळ्याला पुसायच्या आणि मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटून उभ्या राहायच्या. इथली धूळच तशी आहे, रोज पुसल्याशिवाय भागत नाही. आईला मात्र त्यात वेगळंच दिसलं.

लिंडनर यायची तारीख ठरली. बाईंनी घर आवरायला काढलं आणि स्टुलावरून पडल्या. कंबरेचं हाड मोडलं. सलमानियाच्या हॉस्पिटलात नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन करायचं ठरलं. स्ट्रेचरवरून वॉर्डात जाताना त्यांनी माझ्या हातात किल्ल्या दिल्या आणि म्हणाल्या, "झाडांना पाणी घाल. तिला सांभाळ." घरी येऊन मी किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि आईला दोनदा बजावलं की तिथं जाऊन काही आवराआवर करायची नाही, कशाला हात लावायचा नाही. आई "बरं" म्हणाली. ती इतक्या पटकन "बरं" म्हणते तेव्हा ऐकत नसते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

ऑपरेशन चांगलं झालं. बाई शुद्धीवर आल्या, दुसऱ्या दिवशी कॉफीची चव वाईट आहे म्हणून नर्सशी भांडल्या, तेव्हा मला हायसं वाटलं. लिंडनर चार दिवसांवर आला होता. मी ऑफिसातून अर्धी सुटी घेतली आणि बाईंचं घर उघडलं, म्हटलं जरा केर काढावा, खिडकीच्या काचा पुसाव्यात.

स्टँड रिकामा होता. रिकामा म्हणजे अगदी धुऊनपुसून लख्ख. वर हळदीकुंकवाची दोन बोटं उमटवलेली आणि मधोमध एक नारळ.

मी कुलूप न लावताच पळत घरी आले. आई कणीक मळत होती.

"आई, तिथली मूर्ती कुठाय?"

"समुद्रात," ती म्हणाली. "तुला सांगणारच होते. तू आधी हात-पाय धू."

"समुद्रात म्हणजे?"

"विसर्जन केलं. पूर्णे, खंडित मूर्ती घेऊन बसली होती गं ती. रोज अंघोळ घालायची, डोक्याला हात लावून नमस्कार करायची, आणि देवीला हात नाहीत की धड तोंड नाही. असं घरात असल्यावर कंबर मोडायची राहील होय? मी म्हटलं तिला सांगणार कसं, भाषा येत नाही. मग आपणच करून टाकावं. उगी नाही टाकून दिली. दह्यादुधानं अंघोळ घातली, नवीन ब्लाऊजपीस होता त्यानं ओटी भरली, बरोबर दहीभात दिला. आणि बघ की, त्याच दुपारी ऑपरेशन नीट झालं."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथं तर मारुतीही उरला नव्हता. मी काय काय बोलले ते मला नीट आठवतही नाही. ती देवी नव्हती, ती कलाकृती होती, त्या बाईच्या सगळ्या आयुष्यात तेवढी एकच उरली होती, तिच्यासाठी जर्मनीहून माणूस येतोय, हे मी ओरडून सांगितलं. तुझ्या खाणावळीतली फुटकी बशी वाटली का तुला ती, असंही म्हणाले. आईचे हात कणकेतच राहिले.

"देवी नव्हती?" ती म्हणाली. "मग रोज अंघोळ कुणाला घालत होती ती?"

मी आणखीच चिडले.

तिला समुद्रावर नेणारा अलीमियाँ. रत्नागिरीकडचा, आमच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांचा हक्काचा टॅक्सीवाला. फोन केला तर दहा मिनिटांत हजर झाला, आणि माझा चेहरा बघून त्याचाही उतरला.

"भाबी, मला काय माहीत?" तो म्हणाला. "मावशी बोलल्या खंडित झालीय, विसर्जन करायचंय. आमच्या गावात मी लहान होतो तेव्हापासून गणपतीला खांदा देतो. मला हे माहीत आहे ना, की तुमच्यात तुटलेली ठेवत नाहीत. जुफैरला नेली. मी छातीभर पाण्यात गेलो. मावशी काठावरनं बोलत होत्या, टाकू नको, अलगद सोड. अलगद सोडली, अल्लाची शपथ."

"चला," मी म्हटलं. भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही, एवढं मला बाईंनीच शिकवलं होतं. ओहोटीला इथला समुद्र लांबवर मागे जातो, गुडघाभर पाण्यात अर्धा मैल चालता येतं. सापडेल, सापडायलाच हवी. आई न विचारता मागच्या सीटवर येऊन बसली होती. मी तिच्याशी बोलत नव्हते.

जुफैरला पोचलो आणि अलीमियाँनं गाडी थांबवली, पण तो उतरेना. नुसताच काचेतून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "इथं पाणी होतं, भाबी."

आता तिथं दगड होते. भरावाचं काम चाललं होतं. एकामागून एक ट्रक मागे सरकत यायचे, कडेला उभे राहून पाठ उचलायचे आणि दगड-मातीचा ढीग समुद्रात ओतून निघून जायचे. परवापर्यंत जो किनारा होता तो आत, कोरड्या जमिनीत गेला होता. मी एका मुकादमाकडे धावले आणि हिंदीत विचारलं की इथं पाण्यात काही सापडलं का, एक मूर्ती, एवढी. तो केरळचा होता. त्यानं ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "मफी", म्हणजे इथल्या अरबीत 'नाही', म्हणून पुढच्या ट्रकला हात केला.

तरी आम्ही शोधलं. भरावाच्या पलीकडे जिथं पाणी होतं तिथं अलीमियाँ पँट दुमडून उतरला, मी उतरले. वळून बघते तर आई नऊवारीचा काष्टा वर खोचून चिखलातून येत होती. वाकून, दोन्ही हातांनी तळ चाचपत. तिच्या हाताला शिंपले लागत होते, टायरचा तुकडा लागला, एक बूट लागला. पाणी चढायला लागलं तेव्हा मी "आई, बास" म्हटलं, तर ती न ऐकल्यासारखं करून आणखी पुढं गेली. शेवटी अलीमियाँनं तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं. माझा राग तेव्हाही गेला नव्हता, पण तिच्या हातांकडे बघवत नव्हतं.

राजनला सांगितलं तर तो डोकं धरून बसला आणि मग म्हणाला, "तसलीच दुसरी कुठं मिळते का बघू या का?"

वाल्ट्राउटबाईंना सांगणं भाग होतं. मी एकटीच गेले. वाटेत दहा प्रकारची वाक्यं जुळवली आणि तिथं गेल्यावर सरळ सांगून टाकलं, अगदी दूध, दहीभात, नारळ आणि आईच्या काठावरच्या 'टाकू नको'सकट. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "समुद्रात? मुद्दाम?" मी मान हलवली. विसर्जन म्हणजे काय ते समजावलं. भंगलेली मूर्ती आम्ही फेकत नाही, पाण्याला परत देतो, ही अपमानाची नाही मानाची गोष्ट, असं म्हणाले. म्हणताना माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी खूप वेळ बसून राहिले. निघताना खांद्याला हात लावायला गेले तर त्यांनी खांदा आक्रसून घेतला.

आईचा डबा तरीही रोज जात होता. मऊ भात, मेतकूट, टोमॅटोचं सार. तो जसाच्या तसा परत यायचा आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. "तिकीट कधीचं आहे" हे मात्र तिनं विचारणं बंद केलं.

लिंडनरला थांबवायला मी फोन केला, पण तो निघाला होता. विमानतळावरून तो थेट हॉस्पिटलात आला. उंच, किडकिडीत, उन्हानं लालबुंद झालेला माणूस. मी म्हटलं आई नको येऊस. ती म्हणाली, "येणार," आणि डबा घेऊन आली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. आई भिंतीपाशी उभी राहिली, स्टूल होतं तरी बसली नाही.

लिंडनरनं बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. इतकी वर्षं कुणाला तरी शोधत आल्यासारखा तो त्यांच्याकडे बघत होता. मग त्यानं बॅगेतून तो फोटो काढला, मोठा करून आणलेला, आणि बाईंच्या पांघरुणावर ठेवला. आई दोन पावलं पुढं आली.

फोटोत ती अख्खी होती. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रेटलेले, बोटं ताणलेली. आणि चेहरा. तोंड किंचित उघडं, डोळ्यात थोडी भीती, थोडी घाई. तिला कुठं तरी जायचं होतं आणि ती नुकतीच निघाली होती.

"हिला हात होते की गं," आई पुटपुटली.

लिंडनर उत्साहानं बोलत होता. माझ्यासाठी इंग्रजीत म्हणाला, की चेहरा गेला तरी हरकत नाही, हात गेले तरी हरकत नाही, ती आहे हेच मोठं. कधी बघायला जायचं?

मी तोंड उघडणार तेवढ्यात वाल्ट्राउटबाई बोलल्या. इंग्रजीतच, माझ्याकडे बघत, म्हणजे ते मलाही सांगणं होतं.

"तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं, माफ करा. तशी काही वस्तू माझ्याकडे नाही. ती युद्धातच गेली, बाकीच्यांबरोबर. या मुलीला मी खोटं सांगितलं होतं. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी वाटतं, कुणी तरी भेटायला यावं."

लिंडनरचा चेहरा एकदम उतरला. मला बाईंचा डाव कळला होता. त्या आईच्या चुकीवर पांघरूण घालत होत्या. आपलं नाव, ती मधली खोली, सगळं त्या एका वाक्यात सोडून देत होत्या, का तर मिरजेच्या एका बाईला या परक्या माणसासमोर खाली मान घालावी लागू नये. मला वाटलं असंच राहू द्यावं, हेच बरं आहे.

पण आईनं "वॉर" हा शब्द ऐकला होता. इतके महिने इथं राहून तिला जे दहा-बारा इंग्रजी शब्द येत होते त्यात तो होता, टीव्हीवरच्या बातम्यांमुळे. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"लढाईत गेली म्हणून सांगतेय ना ती?"

मी मान हलवली.

आईनं डबा खाली ठेवला आणि लिंडनरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "नो वॉर," ती म्हणाली. "मी. आय. सी, वॉटर. मी." आणि दोन्ही हात पुढं करून, काही तरी जड, जपून धरलेलं, ते खाली सोडल्यासारखं करून दाखवलं. मग मला म्हणाली, "सांग त्याला सगळं. माझ्या चुकीवर हिनं पांघरूण का घालायचं? उद्या लोक म्हणतील हीच खोटारडी."

मी सांगितलं. लिंडनर उभा होता तो स्टुलावर बसला. एकदाच त्यानं बाईंना जर्मनमध्ये विचारलं, खरं आहे का. बाई आईकडे बघत होत्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्यांच्या डोळ्यात राग होता. आपण दिलेली एवढी मोठी भेट या बाईनं जमिनीवर आपटली, असा राग.

आई पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि तिनं पांघरुणावरून बाईंचे पाय धरले. कपाळ टेकवलं. "मला माफ कर बाई," ती म्हणाली, "मला वाटलं तू बरी होशील."

वाल्ट्राउटबाईंनी डोळे मिटले. मग हात लांब करून आईचं मनगट पकडलं आणि तिला वर ओढलं, इतकं जोरात की सलाईनची नळी हलली. तिच्या तोंडाशी तोंड नेऊन त्या एकच वाक्य बोलल्या. जर्मनमध्ये, हळू. आणि रडायला लागल्या. तोंड वाकडं करून, आवाज करत, लहान मूल रडतं तसं. आईनं पदरानं त्यांचं नाक पुसलं आणि डबा उघडला. त्या दिवशी बाई चार घास जेवल्या.

लिंडनर माझ्याबरोबर बाहेर आला. त्याला मी विचारलं की आता प्रदर्शनात काय. तो म्हणाला, फोटो लावता येईल भिंतीवर, खाली नाव, आणि मूर्ती उपलब्ध नाही एवढी एक ओळ. मधली खोली दुसऱ्या कुणाला जाईल. तो वाईट माणूस नव्हता, तरी मला त्याच्या शर्टाची कॉलर धरून हलवावंसं वाटलं. मी विचारलं, बाई आईला काय म्हणाल्या?

त्यानं चष्मा पुसला. म्हणाला, "माझी वेळ येईल तेव्हा मलाही तसंच ने, असं म्हणाल्या. दूध, भात, आणि टाकू नको म्हणून काठावरून सांगणारं कुणी तरी."

अलीमियाँ गाडी घेऊन खाली उभा होता. आई मागं बसली, रिकामा डबा मांडीवर घेऊन. सलमानियाच्या सिग्नलला आलो तेव्हा तिनं विचारलं, "काय म्हणाली गं ती मला?" क्षणभर वाटलं काही तरी गोड थाप मारावी. पण त्या खोलीत एक थाप मारून झाली होती आणि आईनं ती चालू दिली नव्हती. मी सांगितलं, जसंच्या तसं. माझा आवाज फाटला. अलीमियाँनं आरशातून पाहिलं आणि नजर रस्त्यावर वळवली.

आईनं मांडीवरचा डबा सरळ केला.

"त्यात काय एवढं," ती म्हणाली. "नेऊ की."

"आई, तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय."

"मग वाढवून घे," आई म्हणाली.